पिकअपचे शॉकअप नवे टाकले तरी सारखे बसतायत? मग शॉकअप सोडून बाकीचं बघा

मागचे शॉकअप बदलले, दोन-तीन महिने गाडी एकदम झकास, आणि मग परत तेच सुरू. रिकामी गाडी असली की मागनं उड्या, ब्रेक मारला की पुढनं डुबकी, साठच्या वर गेलं की वळणावर मागचा भाग सरकल्यासारखा वाटतो, आणि खाली वाकून बघावं तर शॉकअप तेलानं ओला आणि त्यावर काळ्या मातीचा थर बसलेला. सोलापुरात मार्केट यार्डात कांदा टाकणारे, चिंचोली एमआयडीसीतनं माल उचलणारे, चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन हैदराबादला जाणारे, कुणाशीही बोला, ही तक्रार ऐकायला मिळतेच. गॅरेजवर उत्तर पण ठरलेलं, "मालक, हल्ली मालच असा येतोय, या वेळी दुसऱ्या कंपनीचा टाकू." टाकतात, आणि काही महिन्यांनी परत तोच खर्च.

आता एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गाडीबरोबर कंपनीतनं आलेले शॉकअप बहुतेकांचे ७०-८० हजार किलोमीटर आरामात गेलेले असतात. शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या पण साधारण ८० हजारला बदलायचा विचार करा असंच सांगतात. मग पहिला जोड एवढा टिकला आणि नंतरचा प्रत्येक जोड सहा महिन्यांत बसतोय तर मधल्या काळात गाडीत काहीतरी बदललंय ना. पाटे म्हणजे कमानदार लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा बदललेत, बुश म्हणजे जोडातले रबर गेलेत, बंप रबर कुठंतरी पडलाय, किंवा बसवणाऱ्याची पद्धत कंपनीतल्यापेक्षा वेगळी आहे. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बसणाऱ्या शॉकअपचं कारण जवळजवळ नेहमी यातलंच एक निघतं. डुप्लिकेट माल मिळत नाही असं नाही, मिळतो, पण तो निदान शेवटी काढायचा, पहिल्यांदा नाही.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाकू कारण पुढचं सगळं त्यावर उभंय. शॉकअप वजन उचलत नाही. वजन उचलतात मागचे पाटे आणि पुढची स्प्रिंग किंवा पाटे. शॉकअपचं काम एवढंच की स्प्रिंग दबली आणि सुटली की तिची उडी थांबवायची, आतमध्ये तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि व्हॉल्व असतात, त्यातनं तेल जबरदस्तीनं ढकललं जातं आणि उडीची ताकद उष्णतेत जाते. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर डोअर क्लोजर असतो बघा, स्प्रिंग दार ओढते आणि तेल त्याला आपटू देत नाही, तसंच. त्यामुळं गाडी मागनं बसलीय म्हणून कुणी नवे शॉकअप टाकायला सांगत असेल तर गाडी उचलली जाणार नाही, नव्या गॅसच्या शॉकअपनं फार तर किंचित फरक पडतो. बसलेल्या गाडीचा इलाज पाट्यांत आहे.

खरंच शॉकअप गेलाय का हे आधी नीट ठरवा. बाहेरनं पातळ तेलकट ओल आणि त्यावर धूळ, एवढं चालतं, दांडा सीलमधनं आत-बाहेर होताना थोडी फिल्म बाहेर येतेच. पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आलेला असेल, पुसल्यावर दोन दिवसांत परत ओला होत असेल, तर सील गेला. गाडी कोपऱ्यावर दाबून सोडायची आणि किती वेळा हलते ते मोजायचं, ही टेस्ट सगळे सांगतात, कारला ती ठीक आहे, पण पिकअपच्या मागच्या बाजूला जवळपास बिनकामाची, कारण रिकाम्या पिकअपचे पाटे एवढे कडक असतात की माणसाच्या जोरानं दबतच नाहीत आणि पाट्या-पाट्यांत घर्षण असतं त्यामुळं शॉकअप मेलेला असला तरी गाडी लगेच थांबते आणि मिस्त्री म्हणतो शॉकअप चांगला आहे.

त्यापेक्षा हाताची टेस्ट करा. मंद्रूपच्या आतल्या बाजूला किंवा कुठल्याही खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, थांबल्या थांबल्या चारी शॉकअपला हात लावून बघा, जपून, चांगले तापलेले असतात. काम करणारा शॉकअप गरम लागणारच कारण उडी उष्णतेत बदलणं हेच त्याचं काम. जो गार लागतो तो काम करत नाही. एका बाजूचा गरम आणि दुसऱ्या बाजूचा गार, म्हणजे निदान झालं. उन्हाळ्यात भर दुपारी करू नका, सोलापूरचा मे महिना, ४२-४३ डिग्रीत सगळंच लोखंड गरम असतं, सकाळी करा.

टायर पण बोलतात. टायरवरनं तळहात फिरवा, ठराविक अंतरावर खड्डे-उंचवटे लागले, म्हणजे टायर गोलाईत सलग न झिजता टप्प्याटप्प्यानं झिजलाय, तर चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारतंय. बऱ्याचदा शॉकअप ढिला असल्यामुळंच होतं, पण बॅलन्सिंग नसलं किंवा हबचा बेअरिंग ढिला असला तरी होतं. आणि इथं लोक फसतात ते असं की असा टायर नवे शॉकअप टाकल्यावर पण घूं घूं आवाज आणि थरथर देतच राहतो, मग वाटतं नवे शॉकअप पण गेले. टायर आधी दुसऱ्या जागी टाकून बघा, आवाज त्याच्याबरोबर फिरला तर शॉकअपला दोष देऊ नका.

खडखड आवाजाचं पण तसंच. शॉकअपच्या डोळ्यातला म्हणजे टोकाच्या कड्यातला रबर बुश, पाट्याच्या शॅकलचा म्हणजे पाटा फ्रेमला जोडणाऱ्या हलत्या कडीचा बुश, शॅकल पिन, पाटे चाकांच्या अ‍ॅक्सलला बांधणारा यू बोल्ट ढिला असेल तर तो, वळणावर गाडी झुकू न देणारा स्टॅबिलायझर असेल तर त्याची लिंक, सगळ्यांचा आवाज केबिनमध्ये एकसारखाच येतो. गाडी जमिनीवर उभी ठेवून एक लांब टॉमी म्हणजे लोखंडी दांडा घ्या आणि एकेक जागी घालून हलवा, जिथं धातू धातूला लागतोय तिथं कळतं.

आता मुख्य कारणाकडं येतो, जे आपल्याकडं सगळ्यात जास्त आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. जादा पाटा.

गाडी नवी असते, मालक माल भरतो, मागनं बसते, मग कोणतरी सांगतं एक पाटा वाढवून घ्या, कधी दोन, कधी पाटे तापवून कमान वाढवून घेतात. गाडी मागनं दोन-तीन इंच उचलली जाते, माल भरला की सरळ दिसते, मालक खूश. पण शॉकअप तोच राहिला, त्याची लांबी तीच राहिली. समजा शॉकअप पूर्ण बंद असताना १४ इंच आणि पूर्ण उघडल्यावर २२ इंच, म्हणजे त्याला हलायला ८ इंच जागा. कंपनीनं हिशोब असा केलेला असतो की रिकाम्या गाडीत तो मधे कुठंतरी उभा राहील, साधारण १८-१९ ला, खड्डा आला तर उघडायला जागा, माल भरला तर दबायला जागा. तुम्ही गाडी तीन इंच उचलली की रिकामी असतानाच शॉकअप २१-२२ ला जाऊन उभा राहतो. आता रिकामी गाडी परत येताना चाक खड्ड्यात उतरतं, शॉकअपला उघडायला जागाच नाही, आणि सगळा अ‍ॅक्सल त्या शॉकअपवर लटकतो. पिस्टन आतनं वरच्या गाइडवर आपटतो, सील हलतो, दांडा वाकतो, डोळ्याचा बुश फाटतो, काही वेळा ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटतं. आणि भाड्याच्या गाडीला परतीचा प्रवास रिकामा आणि जोरात, म्हणजे तासन्‌तास हेच चालू. लोकांना वाटतं मालाच्या वजनानं शॉकअप गेला, पण जादा पाटा असलेल्या गाडीत तो रिकाम्या फेरीत मरतो.

हे तपासायला टेप आणि दहा मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी, रिकामी. मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मधापासून खालच्या बोल्टच्या मधापर्यंत माप घ्या, दोन्ही बाजूचं. मग शॉकअप काढल्यावर तो पूर्ण उघडून आणि पूर्ण दाबून तेच माप घ्या. रिकाम्या गाडीत उघडायच्या बाजूला निदान एक तृतीयांश तरी हालचाल शिल्लक पाहिजे असं मी धरतो, त्याहून कमी असेल तर त्या मापाचा कुठल्याही ब्रँडचा शॉकअप टाका, तो टिकणार नाही. मग दोनच रस्ते, जादा पाटा काढा, नाहीतर लांब शॉकअप घ्या. लांब घेताना पण बंद लांबी बघायची, कारण लांब शॉकअप बंद झाल्यावर पण जास्तच लांब असतो, आणि माल भरून गाडी पूर्ण दबली की तो आतनं तळाला आपटेल. म्हणून भरलेल्या गाडीचं माप पण हवंच. एकदा रिकामी आणि एकदा रोजच्या मालासकट, दोन मापं कागदावर लिहून दुकानात जा, नुसतं "पिकअपचा मागचा द्या" म्हणू नका. मी स्वतः आधी पाटा काढायचाच सल्ला देतो. बसलेले पाटे असतील तर मूळ संख्येचा नवा सेट टाका, तापवून कमान काढलेल्या पाट्याचं टेम्पर म्हणजे पोलादाची लवचिक ताकद नीट परत आली नाही तर तो काही दिवसांत परत बसतो किंवा तुटतो.

उलट टोकाला बंप रबर. फ्रेमला खाली, अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, एक रबरी ठोकळा असतो, गाडी पूर्ण दबली की अ‍ॅक्सल त्यावर टेकतो आणि शॉकअप आतनं आपटत नाही. जुन्या गाड्यांत हा ठोकळा फुटलेला, अर्धा उरलेला किंवा गायबच असतो, आणि त्याची आठवण कुणाला नसते कारण त्याच्याविना गाडी चालते. मग कांद्याच्या पन्नास किलोच्या तीस-पस्तीस गोण्या भरून स्पीड ब्रेकरवर उतरली की सगळा धक्का शॉकअपच्या तळाच्या व्हॉल्वला. नवा शॉकअप टाकायच्या आधी हे दोन रबर टाका, शॉकअपच्या मानानं किंमत काहीच नाही. आणि अ‍ॅक्सल रोज किती वेळा वर लागतोय हे बघायचं असेल तर नव्या रबरच्या तोंडाला थोडं ग्रीस लावा, एक फेरी मारा, अ‍ॅक्सलवर ग्रीस उमटलं का बघा. एखाद्या मोठ्या ब्रेकरला उमटलं तर ठीक, पण साध्या डांबरी रस्त्यावर उमटत असेल तर पाटे बसलेत किंवा माल जास्त आहे. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन एकदा बघून घ्या, त्यात गाडीचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, ते वजा करून मग माल. जादा मालाला २०१९ पासून २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, हा भाग वेगळाच.

आता बसवण्याची पद्धत. इथं बरेच चांगले शॉकअप पहिल्याच दिवशी अर्धे मेलेले असतात.

गॅरेजात गाडी जॅकवर घेतात, चाकं लोंबकळत असतात, जुना शॉकअप काढतात, नवा लावतात आणि तिथंच, लोंबकळत्या अवस्थेत, बोल्ट फुल टाइट. शॉकअपच्या डोळ्यातल्या बुशला मधे लोखंडी नळी असते, बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते, आणि तिथनं पुढं डोळा फिरतो तो रबराच्या पिळावर. हवेत आवळला म्हणजे रबराची सरळ स्थिती ही लोंबकळती स्थिती झाली, गाडी खाली आली की रबर पिळलेलं, माल भरला की अजून पिळलेलं, चोवीस तास. काही महिन्यांत रबर फाटतं, डोळ्यात गाळा होतो, खडखड सुरू, आणि मालक म्हणतो शॉकअप गेला. शॉकअप चांगलाच असतो, बुश गेलेला असतो. उपाय फुकट आहे, बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर खाली सोडा, दोन-चार वेळा पुढं-मागं ढकला आणि मग आवळा. शॅकल पिनच्या रबर बुशला आणि पुढच्या लोअर आर्मच्या बुशला पण हाच नियम. खाली हात जात नाही असं सांगतात, पिकअपच्या मागं तर आरामात जातो, आणि पुढं गाडी चाकांखाली मजबूत लाकडी ठोकळे घेऊन उंचावर उभी केली तरी चालतं, फक्त वजन चाकांवर पाहिजे.

दुसरं, पक्कड. काही शॉकअपला वरच्या बाजूला डोळा नसतो, आटे असलेला दांडा असतो, त्यावर रबर, वायसर आणि नट. नट फिरवताना दांडा पण फिरतो, मग मिस्त्री काय करतो तर चकचकीत दांड्याला पक्कड किंवा व्हाइस ग्रिप लावून धरतो. त्या क्रोमवर एक ओरखडा पडला की संपलं, तो ओरखडा प्रत्येक वेळी सीलमधनं आत जाणार आणि बाहेर येणार, थोड्याच दिवसांत सील कापला जाऊन तेल बाहेर. महिन्याभरात गळणारा नवा शॉकअप दिसला की मी पहिल्यांदा दांड्यावर दातांच्या खुणा शोधतो. दांड्याच्या टोकाला चपटे काप किंवा आत षट्कोनी खाच दिलेली असते, धरायचं ते तिथंच. एअर गन तर दांड्याच्या नटवर लावूच नका. नट किती आवळायचा तर रबर वायसरच्या कडेइतका फुगेपर्यंत, चेपून बाहेर येईपर्यंत नाही. आणि जवळपास कुठं वेल्डिंग करायचं असेल, आपल्याकडं बॉडीचं काम कायम निघतं, तर शॉकअपवर ओलं पोतं टाका, ठिणगी दांड्यावर चिकटली तर पक्कडीसारखंच नुकसान.

तिसरं म्हणजे पंप करणं. शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, ट्विन ट्यूबवाल्यात म्हणजे एकात एक दोन नळ्या असलेल्यात बाहेरच्या नळीतली हवा आतल्या नळीत शिरते. तसाच बसवला की सुरुवातीच्या हालचाली पोकळ जातात आणि टकटक आवाज येतो. बसवायच्या आधी गाडीत जसा उभा राहणार तसा धरून, दांडा वर ठेवून, पूर्ण उघडा, पूर्ण दाबा, चार-पाच वेळा, सगळीकडं सारखा जोर लागायला लागला की तयार. मधेच हलकं पडून पुढं जोर लागत असेल आणि पंप करून पण जात नसेल तर तो दुकानातच परत करा. जुना काढल्यावर त्याची पण अशीच परीक्षा करा, खात्री होते.

तेलाचा घ्यायचा की गॅसचा, हे विचारतात म्हणून सांगतो. दोन्हीत तेलच असतं, गॅसवाल्यात वर नायट्रोजन दाबानं भरलेला असतो, त्यामुळं तेल तापलं तरी त्यात सहजासहजी फेस होत नाही. फेस झालेलं तेल भोकांतनं फुकट पळतं, शॉकअप तात्पुरता मेल्यासारखा होतो आणि गार झाला की परत ठीक. आपल्या काळ्या जमिनीतले रस्ते पावसात फुगतात, उन्हात आकसतात, डांबर लाटालाटांचं होतं, अशा रस्त्यावर एका गतीनं तासभर चाललं की शॉकअप सगळ्यात जास्त तापतो, एखाद्या खड्ड्यापेक्षा जास्त. तुमचं काम विजापूर, हैदराबाद, पुणे असं लांब पल्ल्याचं असेल तर गॅसचा घ्या. गावातल्या गावात, यार्ड ते गोडाऊन असेल तर चांगला तेलाचा पुरे. काहीही घ्या, एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे. बिल घ्या, डब्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलशी जुळवा.

मागचे बदलणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे. पाट्यांवर गाडी उभी राहते त्यामुळं शॉकअप काढला तरी काही खाली कोसळत नाही, बऱ्याच पिकअपला जॅक पण लागत नाही. सपाट जागा, हँडब्रेक, पुढच्या चाकांना दगड. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बोल्ट नाहीच सुटला तर गॅस कटरची आग शॉकअपच्या नळीजवळ नेऊ नका, आत दाब आणि तेल दोन्ही आहे, फुटतो. नट तिरका ग्राइंडरनं कापा, नवा नट-बोल्ट घाला, बोल्ट त्याच ग्रेडचा. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, एकदा सुटला की परत वापरायचा नाही. गॅसच्या नव्या शॉकअपला पट्टी बांधलेली असते ती वरची बाजू लागेपर्यंत तोडू नका, नाहीतर तो आपोआप उघडतो आणि एकट्याला दाबून धरणं अवघड जातं.

पुढचं मात्र गाडीगणिक वेगळं. टाटा एससारख्या गाडीला पुढं पण पाटे, तिथं काम मागच्यासारखंच. सुपर कॅरीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट, डी-मॅक्स आणि हायलक्सला विशबोन म्हणजे तिकोनी आर्म आणि कॉइल स्प्रिंगच्या आतनं शॉकअप. या दोन्ही जातीत स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते, आणि वरच्या मधल्या नटवर तो सगळा दाब अडकलेला असतो. बाहेरचे नट सोडून असेंब्ली बाहेर काढायची, मधला नट गाडीवर असताना हलवायचा नाही. पुढं स्प्रिंग कंप्रेसर लागतो, दोरी, तार, साखळी बांधून करणारे मी पाहिलेत आणि हात जोडून सांगतो की करू नका, सुटलेली स्प्रिंग जबडा फोडते, जीव पण घेते. चांगला कंप्रेसर नसेल तर असेंब्ली काढून ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं न्या, नाहीतर स्प्रिंगसकट तयार असेंब्ली मिळते का बघा. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बरोबर बसलं पाहिजे, वरचं रबर माउंट आणि मॅकफर्सनला असलेला बेअरिंग तेव्हाच बदला, स्टेअरिंग वळवताना टणत्कार येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत तो बेअरिंगच सुकलेला असतो. काम चालू असताना नकल म्हणजे चाक धरणारा भाग ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा, एबीएसची वायर असेल ती पण सोडवून घ्या. पुढचं काम झालं की अलाइनमेंट करायलाच पाहिजे, स्ट्रटच्या खालच्या बोल्टला थोडा खेळ असतो, त्यात कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल बदलतो, आणि ते वाचवलेले पैसे पुढचे टायर खाऊन टाकतात.

राहिला यू बोल्ट. पाट्यांचं काम झालं असेल किंवा जादा पाटा काढला असेल तर नवे यू बोल्ट घाला, जुना एकदा ताणलेला असतो, आणि काढलेल्या पाट्याएवढी जाडी कमी झाल्यामुळं जुना लांब पण पडतो. चौघांना आलटून पालटून आवळा, मॅन्युअलच्या टॉर्कला. चारपाचशे किलोमीटर माल भरून चालली की परत एकदा आवळा, हे राहतं आणि मग पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो, गाडी एका बाजूला ओढते आणि शॉकअप तिरका ओढला जाऊन बुश खातो. त्याच वेळी शॉकअपचे वरचे-खालचे बोल्ट बघून घ्या, बंप रबरवरची खूण बघा, आणि रिकाम्या गाडीचं बोल्ट ते बोल्ट माप परत घेऊन पहिल्या मापाशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वेळी माप अर्धा इंचानं कमी आलं तर पाटे बसायला लागलेत, शॉकअप गळायच्या आधीच कळतं.

काढलेले गॅसचे शॉकअप भंगारात देताना भंगारवाल्याला सांगा की आत दाब आहे, कटर लावू नको. तेल गटारात सोडू नका, गॅरेजवर जुन्या ऑइलचं बॅरल असतं त्यात जाऊ द्या. कुणाची गाडी वरचं सगळं करून पण शॉकअप खात असेल तर गाडीचं मॉडेल, किती पाटे आहेत, आणि रिकामी-भरलेली दोन्ही मापं लिहा, मापं असतील तर नेमकं सांगता येईल.